न वाजणारा पाय

अण्णारावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की म्हातारा उठून अंगणात जायचा. पण कान! कान असे तिखट, की ओसरीवर बसल्या जागी अख्ख्या घराची हजेरी घ्यायचा. "बालाजी आला. डावा पाय घासतो." "गुरम्मा आली, बघा काय मागायला आली." कुत्रं नुसतं फाटकापाशी घुटमळलं तरी यांचं "हाड!" तयार. घरातलं, गल्लीतलं एकूण एक पाऊल आपण ओळखतो, ही म्हाताऱ्याची मोठी मिजास होती.

फक्त एक पाऊल त्यांना कधी ऐकू आलं नव्हतं, आणि तारीफ सगळ्यांत जास्त त्याचीच. पाहुणे चहा घेत बसले की हमखास निघायचं, "आमच्या सूनबाईचं काय सांगू तुमाला? चोवीस साल झाले लग्नाला. तारामतीचा पाय घरात कवा वाजला न्हाई." पाहुणेही माना डोलवायचे. वा वा, काय सून आहे! बाईमाणूस कसलं, तेल घातलेली बिजागरीच म्हणा ना.

तारामती आतून हे ऐकायची आणि कपबशा विसळायची. सुरुवातीला तिला बरंही वाटायचं, खोटं कशाला बोला. पण चोवीस वर्षं तीच एक तारीफ ऐकली की माणसाच्या डोक्यात तिडीक जाते.

तिचं माहेर उमरीकडचं. तिथं पंचमीला पोरीबाळींनी फेर धरला की पहिली टाच तारामतीची पडायची. तिनं पाय मारला की बाकीच्यांना जागेवर उभं राहणंच व्हायचं नाही. मग लग्न झालं, मुखेडजवळच्या या गावात आली. तिसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं हाक मारली म्हणून पातेलं घेऊन ही ओसरीवरून पळत गेली. पायात आईनं दिलेले चांदीचे पैंजण. ओसरीवर चार पाहुणे बसलेले. त्यांच्यादेखत अण्णाराव म्हणाले, "ही घोडी कुणी आणली रे घरात?" पाहुणे हसले. नवरा, बालाजी, तोही हसला. एकोणीस वर्षांची पोर ती, तिला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पैंजण त्याच दिवशी डब्यात गेले, डबा ट्रंकेत गेला. तेव्हापासून तारामती चवड्यावर चालायला शिकली. टाच टेकायची, पण अशी टेकायची की फरशीलाही पत्ता लागू नये.

तर यंदा मुखेडात बचत गटांच्या बायकांसाठी पंचमीच्या फेराची स्पर्धा निघाली. गावच्या गटातून बारा जणींनी नाव दिलं. शिकवायला पुनम मिळाली. मुरुडची पोरगी, तेवीस वर्षांची, लातुरात नाचाचे क्लास घेते. आठ दिवस मावशीकडे राहायला म्हणून आली आणि बायकांनी तिला जी धरली, ती सोडलीच नाही. पुढं कोण राहणार यावर तर चर्चाच झाली नाही. पंचमीची गाणी तारामतीइतकी कुणालाच येत नव्हती. गाणं ती उचलणार, मधोमध सगळ्यांच्या पुढं ती उभी राहणार, ठरलं.

घरी तिनं सांगितलं, "गटाचं ट्रेनिंग हाय." अण्णाराव म्हणाले, "रोज?" ती म्हणाली, "रोज." ते खोटं नव्हतंच तसं.

समाजमंदिरात रोज दुपारी तीनला सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी पुनमनं दोन फेर बघितले आणि कपाळाला हात लावला. "काकू, एनर्जी कुठंय? एनर्जी!"

आता एनर्जी म्हणजे नेमकं काय, हे त्या पोरीनं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणी गूळ-शेंगदाणे आणले, कुणी लिंबाचं सरबत, एकीनं तर पोराच्या शाळेच्या दप्तरातून ग्लुकोजचा पुडा काढून आणला. सगळ्यांनी मूठ मूठ खाल्ला, पाणी प्यायल्या आणि तशाच मढं उचलायला निघाल्यासारख्या नाचल्या. तिसऱ्या दिवशी पुनम म्हणाली, "हसा." हसल्या. इतक्या हसल्या की नाच राहिला बाजूला, पोट धरून खाली बसल्या. चौथ्या दिवशी म्हणाली, "मान वर, नजर समोर, श्वास कोंडून धरू नका, तोंडानं मोकळा सोडा." त्यानं जरा फरक पडला. दम कमी लागायला लागला, मानाही वर आल्या. पण नाच काही उठेना. हात व्यवस्थित जात होते, गिरक्या बरोबर होत होत्या, आणि तरी सगळं पाण्यातून चालल्यासारखं.

एक दिलशाद तेवढी वेगळी. दिलशाद गावातली शिलाईवाली, चौकात तिचं पत्र्याचं दुकान. दिवसभर पाय मशीनवर. तिनं पाय मारला की समाजमंदिराची खिडकी हलायची.

पाचव्या दिवशी पुनमनं तारामतीला बाजूला घेतलं. "काकू, राग मानू नका. पाठ तुम्हालाच सगळ्यांत चांगलं आहे. पण पुढं जी असते ना, तिच्याकडं बघून मागच्यांच्या अंगात वारं भरलं पाहिजे. ते होत नाही. दिलशादताईंना पुढं घेते मी. तुम्ही मागच्या ओळीतून गाणं म्हणा."

तारामतीच्या तोंडाची चवच गेली. मागची ओळ! घरात मागची ओळ, शेतात मागची ओळ, लग्नकार्यात फोटो काढतानाही हिला म्हणायचे, तारामती, जरा मागं सरक. एक जागा होती जगात, जिथं ती कुणाला न विचारता पुढं उभी राहायची, ती उमरीच्या अंगणात राहिली होती. ती परत मिळणार म्हणून ही बाई पाच दिवस हवेत होती. आणि आता ही कालची पोरगी म्हणते, मागं व्हा.

"मी न्हाई जात पुढं," दिलशाद लांबूनच म्हणाली. तिचेही कान काही कमी नव्हते. "गाणं भाभीचं हाय, जागा भी भाभीची हाय."

"अहो पण जोर..."

"जोर कसा न्हाई?" तारामतीचा आवाज चढला. तिचा आवाज चढलेला गावानं कधी ऐकला नव्हता, त्यामुळं सगळ्या वळून बघायला लागल्या. "मी रोज घरी तासभर करून राहिले! सकाळी उठून, सगळ्यांच्या आधी. अंग आंबून जातंय माझं, आन् तू म्हणतीस जोर न्हाई!"

"घरी कुठं करता?" पुनमनं विचारलं.

"कोठीच्या खोलीत."

"फरशीवर?"

"न्हाई. सोयाबीनची रिकामी पोती हायेत, त्येच्यावर. चार-चार पोती एकावर एक टाकते."

"पोत्यांवर कामून?"

तारामतीला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "कामून म्हणजे? आवाज व्हतो ना. मामा भाईर ओसरीवर असतेत."

पुनमनं बाकीच्यांकडं वळून विचारलं, "आणि तुम्ही?"

एक म्हणाली, मी वाकळ अंथरते. दुसरी म्हणाली, मी गोठ्यात करते, शेणामातीत पाय वाजत न्हाई. तिसरी लेकाचे मोजे घालून करायची. आणखी एकीनं तर गादीवर उभं राहून अख्खा फेर पाठ केला होता. एकजात सगळ्या, आणि कुणी कुणाला सांगितलेलं नाही बरं का! ज्या त्या बाईनं आपापल्या घरात आपापली अक्कल चालवलेली. फरशीवर नाचलेली एकटी दिलशाद, तेही दुकानाचं शटर अर्धं ओढून.

पुनमला आधी हसू फुटलं. मग तिनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि तिचं हसू गेलं. "काकू, तुम्ही सगळ्यांनी बिनआवाजाचा नाच पाठ केलाय. एनर्जी येणार कुठून? नाच पायातून वर चढतो. टाच जमिनीवर आपटली की जमीन परत देते तो जोर. तुम्ही जमिनीला काही देतच नाही."

"मग द्यू की," तारामती म्हणाली. "त्यात काय एवढं?"

पण त्यातच सगळं होतं. तिनं पाय उचलला, चांगला गुडघ्यापर्यंत उचलला, जोरात खाली आणला, आणि जमीन बोटभर राहिली असेल तेव्हा पाय आपोआप मंदावला. टाच अलगद टेकली. तिनं परत केलं. परत तसंच. दहादा केलं. तिला वाटत होतं आपण आपटतोय, आणि आवाज होता उशी पडल्यासारखा. पाय तिचा, मांडी तिची, पण खाली येता येता कुणीतरी धरून ठेवत होतं. तारामतीला स्वतःच्या पायाची अशी चीड आली, अशी चीड आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

दिलशाद बाहेर गेली आणि दुकानामागं पडलेला पत्रा डोक्यावर घेऊन आली. तारामतीपुढं धाडकन टाकला. "भाभी, ह्याच्यावर. ह्यो झूट बोलत न्हाई."

तारामती पत्र्यावर चढली. पाय मारला. पत्रा नुसता कुईं करून गप्प. "फिर से," दिलशाद म्हणाली. फिर से. कुईं. "भाभी, कुनाला तरी आठवा की! ज्याच्या छाताडावर द्यावा वाटतो असं कुनी न्हाई का तुमाला?"

बायका हसल्या. तारामती हसली नाही. तिला ओसरी दिसली. दुधाचं पातेलं दिसलं, चार पाहुणे दिसले, त्यांचे पान खाल्लेले दात दिसले. घोडी. घोडी म्हणालात नव्हं? बरं. मग घोडी बघा.

पत्रा असा वाजला की समाजमंदिराच्या वळचणीतली पारवे भर्रकन उडाले. सगळ्यांच्या अंगावर काटा आला. आणि तारामती थांबलीच नाही. उजवा, डावा, उजवा, डावा, केस सुटले, पदर सुटला, तो तिनं कमरेला खोचला आणि पुन्हा मारला. तिला पायाच्या तळव्यापासून थेट मस्तकापर्यंत झिणझिण्या आल्या. चोवीस वर्षांनी तिच्या स्वतःच्या पायाचा आवाज तिच्या कानावर पडत होता. मागं कधी अकरा जणींनी पाय मारायला सुरुवात केली, कुणालाच कळलं नाही.

"ही एनर्जी," पुनम म्हणाली. "झालं. आता मी घरी गेले तरी चालेल."

पण गाव म्हणजे गाव. पत्र्याचा आवाज चौकात गेला, चौकातून शेजारच्या गुरम्माकडं गेला आणि गुरम्मा उसनी साखर घेऊन गेली ती बातमी ठेवून गेली. स्पर्धेच्या आदल्या दिवशी जेवणं झाल्यावर अण्णारावांनी ओसरीवरून हाक मारली.

"सूनबाई. ट्रेनिंग कशाचं हाय?"

तारामती दारात येऊन उभी राहिली. "फेराचं. उद्या मुखेडात स्पर्धा हाय. मी पुढं हाय."

"आपल्या घरातली बाई स्टेजवर पाय आपटणार? लोकांपुढं?"

"लोक बघायलाच येतेत, मामा."

म्हाताऱ्याला असल्या उत्तराची सवय नव्हती. तो आवाज चढवून म्हणाला, "बालाजी! समजाव हिला. ह्या घरात असलं झालं न्हाई, व्हनार न्हाई!"

बालाजी बिचारा वाईट माणूस नव्हता. भांडण दिसलं की गोठ्यात काहीतरी काम आठवणारा माणूस होता. तो बायकोला हळूच म्हणाला, "पुढच्या साली जा की. यंदा जरा दमानं घे. म्हाताऱ्याचे किती दिवस राहिलेत."

"माझे किती राहिलेत?" तारामती म्हणाली.

बालाजी गोठ्यात गेला.

सकाळी तिनं सगळ्यांचा स्वयंपाक केला. भाकरी थापल्या, वरण शिजवलं, सासऱ्याच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या. नऊला लुगडं नेसली, ट्रंक उघडली, डबा काढला. पैंजण काळे पडले होते. तिनं राखेनं घासले. ते पायात चढेनात, घोटे आता एकोणीस वर्षांचे राहिले नव्हते. मग तिनं पिशवीत टाकले आणि चौकात गेली. दिलशादनं दोन्हींना मजबूत दोऱ्याचा फास काढून दिला आणि स्वतः खाली बसून तिच्या पायात बांधले. "भाभी, आता टूटले तर पैर टूटंल, धागा न्हाई टूटनार." दहाच्या एसटीनं बारा जणी निघाल्या.

मुखेडच्या मंगल कार्यालयात ही गर्दी. आधीच्या दोन गटांनी मोठे साउंड बॉक्स लावून नाच केला. दिव्यांची झगमग, धूर सोडणारं यंत्र, सगळं होतं. यांच्याकडं फक्त बारा गळे आणि चोवीस पाय. तारामती स्टेजवर चढली. समोर चौथ्या ओळीत गावची माणसं बसली होती, त्यांतले दोघं अण्णारावांच्या ओसरीवर रोज चहा प्यायचे. त्यांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. तारामतीनं ते बघितलं. बरं झालं बघितलं. तिनं गाणं उचललं आणि स्टेजच्या लाकडी फळ्यांवर पहिली टाच अशी दिली, की त्या दोघांच्या हातांतला चिवडा सांडला.

मग काय! फळ्या दणाणल्या, पैंजण दणाणले, मागून अकरा जणींनी तोच ठेका उचलला. माना वर, श्वास मोकळा, तोंडावर हसू, आणि ते हसू पुनमनं शिकवलेलं नव्हतं. तारामतीला कुणाची भीती वाटत नव्हती. प्रेक्षकांतल्या मागच्या बायकांनी बसल्या जागी पाय मारायला सुरुवात केली. सातव्या कडव्याला सगळं कार्यालय ठेका धरून होतं आणि तिला एकच वाटत होतं, हे संपू नये.

नंबर दुसरा आला. पहिला धुराच्या यंत्राला मिळाला, तो मिळू द्या. ट्रॉफी दिलशादच्या दुकानात ठेवायची ठरली, कारण तिथं सगळ्यांना येता-जाता दिसली असती.

पाच वाजता तारामती घरी आली. फाटकापाशी तिनं चपला काढल्या. पैंजण काढायला ती वाकली, बोटं दोऱ्यापर्यंत नेली आणि तशीच सरळ झाली. उन्हं कलली होती, ओसरीवर अण्णाराव एकटेच पाठ टेकून बसले होते. ती अंगणातून चालत आली. टाच टेकवून, नेहमीच्या माणसासारखी. शहाबादी फरशीवर पाय वाजले, पैंजण वाजले.

अण्णाराव ताठ झाले. मान वळवली, पांढरे डोळे आवाजाकडं लावले. कपाळाला आठ्या पडल्या. पाऊल कुणाचं ते काही कळेना.

"कोण हाय?" ते म्हणाले.

तारामती थांबली. तिला आधी वाटलं, म्हातारा मुद्दाम करून राहिलाय, राग काढून राहिलाय. पण नाही. अण्णारावांचा हात खुर्चीचा दांडा चाचपत होता. परकं माणूस घरात शिरल्यावर आंधळ्याचा चेहरा होतो, तसा चेहरा झाला होता.

"कोण हाय म्हणलं? पाव्हनी हाय का कुनी?"

"घरचीच हाय," तारामती म्हणाली.

आवाज ओळखला. म्हाताऱ्याचं तोंड उघडं राहिलं. "तारामती?" मग म्हणाले, "घरचं पाऊल मला वळखू येत न्हाई, व्हय?"

"चोवीस सालात एकदा बी ऐकलं न्हाई तुमी. वळखसाल कसं?" तिनं एक पाऊल पुढं टाकलं, पैंजण वाजले. "लगीन झाल्यावर तिसऱ्या दिवशी एकदा ऐकलं व्हतं, तवा घोडी म्हणलात. आता परत ऐका आन् नीट वळखून ठेवा, मामा. हे माझं पाऊल हाय. रोज वाजंल."

तारीफ करायला आता अण्णारावांकडं काही राहिलं नव्हतं. सवयीनं ते म्हणाले, "हळू चाल."

"न्हाई," तारामती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. ओसरी, मधलं घर, स्वयंपाकघर, सगळीकडं पाय वाजत गेले. बाहेर म्हातारा कान देऊन ऐकत बसला होता, आणि तिनं कपबशासुद्धा दणकन ठेवल्या.